मोहफुलांचा एप्रिल

रायपूरला बदली झाली असं कळलं की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्षलवाद्यांच्या तिथे?" फौजी मित्रांचा प्रश्न वेगळा, "तिथे आपलं आहे तरी काय?" दोन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल.

रायपूर हे सपाटीवरचं, भाताच्या शेतांनी वेढलेलं मोठं शहर आहे. राज्याची राजधानी, जुन्या तलावांचं आणि नव्या कारखान्यांचं गाव. जंगल आणि डोंगर बघायचे तर दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटर जावं लागतं. सैन्याच्या छत्तीसगढ आणि ओडिशा सब एरियाचं मुख्यालय इथे आहे, पण जंगलातली लढाई लढतात ते राज्याचे पोलीस आणि सीआरपीएफसारखी केंद्रीय दलं. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे माजी सैनिक, वीरनारी, त्यांची पेन्शन, दवाखाना, भरती, आणि वेळ पडली तर मुलकी प्रशासनाला मदत. बाकी तपशिलात जात नाही. आजचा विषय उन्हाळा हा आहे.

मी खानदेशातला. पंचेचाळीस अंशांचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण रायपूरच्या उन्हाची भाषा निराळी आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. छत्तीसगढीत 'घाम' म्हणजे ऊन. ड्रायव्हर गाडीचं दार उघडून "आज अब्बड घाम हे, साहब" म्हणतो, तेव्हा मराठी माणूस नकळत रुमालाला हात घालतो. दुपारच्या गरम वाऱ्याला, म्हणजे आपल्या झळांना, इथे 'झांझ' म्हणतात. कांद्याला 'गोंदली'. झांझ लागू नये म्हणून घरातली म्हातारी माणसं बाहेर पडणाऱ्याच्या खिशात गोंदली टाकतात. आमचा मेडिकल ऑफिसर यावर हसतो. मी त्याला म्हटलं, कांद्यानं ऊन थांबत नाही हे खरं, पण खिशात कांदा ठेवणारा माणूस डोक्याला गमछा बांधतो, घरून पाणी पिऊन निघतो आणि दुपारी झाड बघून थांबतो. टिकतो तो त्यामुळे.

सैन्यात हा विषय गमतीचा नाही. हाताखालचा जवान उन्हानं कोसळला तर जाब जवानाला नाही, ऑफिसरला विचारतात. पीटी किती वाजता ठेवली, पाणी किती पाजलं, आदल्या रात्री माणूस झोपला होता का, आजारातून उठून तर आला नव्हता ना. म्हणून उन्हाळ्यात आमचं सगळं घड्याळ पुढे सरकतं. पहाट फुटता फुटता पीटी, सातला ऑफिस, दीडच्या सुमाराला बंद. दुपारी दोन ते पाच सगळं आवार गप्प. कूलरचा आवाज तेवढा. मातीचा माठ आमच्या ऑफिसातही आहे आणि फ्रीज शेजारी असून लोक पाणी माठातलंच पितात.

शहरातही तेच. जयस्तंभ चौकात सकाळी दहालाच माणसं सावलीच्या बाजूनं चालतात. संध्याकाळी सगळी गर्दी तेलीबांधा तलावाच्या काठावर. त्या काठाला इथले लोक हौसेनं 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. सिलतराच्या बाजूला स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. तिकडून वारा आला की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर काळी पूड बसते. आमच्या घरी पहिल्या वर्षी कुरडया गच्चीवर घातल्या आणि संध्याकाळी त्या राखाडी झालेल्या बघून सौ.ने पुढच्या वर्षीपासून पंख्याखाली कुरडया सुरू केल्या.

हो, कुरडया. रायपूरला मराठी घरं खूप आहेत आणि ती काल-परवा आलेली नाहीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगढावर आलं, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर माणसं येत राहिली. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही त्यांनीच. त्यांच्या नावाची शाळा रायपूरमध्ये आहे. उन्हाळ्यात महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या घरी गेलं की पन्हं मिळतं आणि निघताना 'उन्हाचं जाऊ नका हो' हे खास नागपुरी हेल काढून ऐकायला मिळतं.

पण इथला खरा उन्हाळी पदार्थ म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, असेल तर ताक किंवा दही, आणि पाण्यासकट खायचा. ताज्या भातात पाणी घालून लगेच खाल्लं तर ते 'बोरे'. आपल्याकडे शिळा भात म्हटलं की तोंड वाकडं होतं, इथे सकाळच्या जेवणाच्या वेळेला 'बासी के बेरा' असंच म्हणतात. २०२२ च्या १ मे रोजी, कामगार दिनी, त्या वेळचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांना बोरे-बासी खायचं आवाहन केलं आणि कलेक्टरांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांचे वाडग्यासह फोटो आले. राजकारण बाजूला ठेवू. उन्हात आठ तास काम करणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि पोटभर भात एकाच वाडग्यात देणारा पदार्थ आहे तो. आमच्या मेसमध्ये मी रविवारी एकदा करायला लावला. तरुण कॅप्टन मंडळींनी दोन घास खाऊन ऑम्लेट मागवलं. वेटर, जो इथलाच, त्यानं राहिलेलं पातेलं आनंदानं घरी नेलं.

आता दक्षिणेकडे. माजी सैनिकांची कामं रायपूरच्या टेबलावर बसून संपत नाहीत. पेन्शनची कागदपत्रं ऑनलाइन झाली हे चांगलंच, पण ज्या गावात मोबाइलची रेंज बघायला टेकडीवर चढावं लागतं तिथल्या साठ-सत्तर वर्षांच्या माणसानं हयातीचा दाखला कसा द्यायचा? म्हणून आम्ही अधूनमधून लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बसतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अशाच कामासाठी चार दिवस कांकेरला होतो.

रायपूरहून राष्ट्रीय महामार्ग ३० धरला की अभनपूर, कुरूद, धमतरी अशी गावं लागतात. तोवर सगळं सपाट, कोरडी भातखाचरं. वाटेत महानदी ओलांडायची. चारामा मागे पडलं की क्षितिजावर दगडांचे गोल ढिगारे दिसू लागतात, मग डोंगर, आणि मग झाडं रस्त्याजवळ येतात. कांकेर हे जंगलाच्या उंबऱ्यावरचं गाव. जिल्ह्याचं सरकारी नावच उत्तर बस्तर कांकेर. १९९८ मध्ये मोठ्या बस्तर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. गावाच्या डोक्यावर गढिया पहाड, पायाशी दूध नदी. एप्रिलमध्ये दूध नदीत दूध सोडा, पाणीही बेताचंच.

या गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी गप्पांचा पहिला विषय अस्वल असतो. डोंगरातून अस्वलं गावात उतरतात. जंगलात पाणी आटतं, गावात ते असतं. त्यात मोहाची फुलं आणि तेंदूची फळं हा अस्वलाचा आवडता खाऊ, आणि वस्तीच्या कडेला दोन्ही मिळतं. विश्रामगृहासमोरच्या चहावाल्याला मी विचारलं, "इकडे येतं का?" तो ग्लास विसळत म्हणाला, "आज अजून आलं नाही." जणू दूधवाल्याची चौकशी केली होती. आमच्या टीममधला पंजाबी नायब सुभेदार त्यानंतर रात्री खोलीबाहेर पडताना मोठ्यानं खोकायचा.

पहाटे चारला जाग आली तर खिडकीतून डोंगराच्या उतारावर बारीक दिवे हलताना दिसले. मोह वेचणारे. मोहाची फुलं रात्रीच्या शेवटच्या प्रहरात गळायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतात. उशीर केला तर गाई-बकऱ्या आणि अस्वलं वेचून मोकळी होतात. म्हणून बायका, पोरं, म्हातारे अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. बहुतेक झाडं ठरलेली असतात, कुठलं झाड कुठल्या घराचं ते सगळ्यांना माहीत असतं. सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन साफ करतात. ती आग कधीकधी पुढे जंगलात पसरते, म्हणून वनखातं नको म्हणतं आणि काही ठिकाणी झाडाखाली बांधायच्या जाळ्या देतं. सकाळी गावाबाहेर फिरायला गेलो तर घरांच्या अंगणात, खळ्यात, डांबरी रस्त्याच्या कडेलाही पिवळसर फुलं वाळत घातलेली. वास गोड आणि थोडा आंबूस, आपल्या नाकाला मनुकांची आठवण करून देणारा.

आठवडी बाजारात चिंचेचे ढीग, तुंब्यात सल्फीचा रस, पखांजूरकडून आलेले बंगाली मासेवाले, पानांच्या द्रोणात चार. चार म्हणजे चारोळीचं काळसर जांभळं फळ. आपण श्रीखंडावर मोजून दाणे टाकतो ती चारोळी या फळाच्या बीतून निघते. पूर्वी व्यापारी मीठ देऊन त्या बदल्यात चारोळी न्यायचे, ही गोष्ट इथे म्हातारी माणसं अजून सांगतात. बाजाराच्या कडेला एक बाई मडियाची म्हणजे नाचणीची आंबील विकत होती. तिचं नाव ऐकून मी थांबलो. तिला ती 'पेज' म्हणत होती. कोकणातला शब्द, तोच, त्याच अर्थाचा. बस्तरची हलबी बोली मराठीच्या इतकी जवळ आहे की ग्रिअर्सननं भाषांच्या सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात जागा दिली होती. इथल्या पाट्यांवर 'आमचो बस्तर' लिहिलेलं असतं. ते वाचायला कुठल्या मराठी माणसाला दुभाषा लागेल?

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनातून जात नव्हती. या भागाची एप्रिल-मेची दुसरीही एक दिनदर्शिका आहे आणि गणवेशातल्या माणसाला ती पाठ असते. ६ एप्रिल २०१०, ताडमेटला, ७६ जवान. २५ मे २०१३, झीरम घाटी. २४ एप्रिल २०१७, बुरकापाल, सीआरपीएफचे २५. १ मे २०१९, म्हणजे महाराष्ट्र दिनी, आपल्या गडचिरोलीत जांभुळखेडा, १५ पोलीस आणि गाडीचा चालक. ३ एप्रिल २०२१, टेकलगुडम, २२. २६ एप्रिल २०२३, अरनपूर, १० जवान आणि चालक. उलट बाजूच्या मोठ्या कारवायाही याच दिवसांतल्या. १६ एप्रिल २०२४ ला कांकेर जिल्ह्यातच झालेल्या चकमकीत २९ माओवादी मारले गेले.

हा योगायोग नाही. पानगळीनं जंगल उघडं पडतं, लांबचं दिसतं. नाले कोरडे असतात, कुठूनही पार होता येतं. पावसाळ्यात सगळं बंद होणार म्हणून दोन्ही बाजूंना घाई असते. माओवादी या महिन्यांत मुद्दाम मोहीम काढायचे आणि सुरक्षा दलं त्यासाठी तयारी ठेवायची. सागाची वाळलेली पानं बुटाखाली पापडासारखी वाजतात, त्यामुळे गुपचूप चालणं अशक्य. पाणी पाठीवर वाहायचं, आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी संपतं. इथे कांकेरलाच २००५ पासून पोलिसांना जंगलयुद्ध शिकवणारं कॉलेज आहे. ते उभं केलं आपल्या सैन्यातून निवृत्त झालेल्या ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांनी. तिथे तयार झालेल्या एका पोलिस अधिकाऱ्याशी बोलत होतो. मी विचारलं, उन्हाळ्यात सगळ्यात अवघड काय? मला वाटलं, सुरुंग म्हणेल. तो म्हणाला, "पाणी, सर."

म्हणजे पहाटे चारला बाई टोपली घेऊन ज्या झाडाखाली जाते, त्याच झाडाखालून त्याच महिन्यात, त्याच वेळेला, बंदुकीवाले जात असत. आपल्याला पेपरात फक्त दुसरं दिसायचं.

कांकेरच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी एक निवृत्त सुभेदारसाहेब आले. वय साठीच्या आसपास, महार रेजिमेंटचे, त्यामुळे माझं नाव वाचल्याबरोबर "काय साहेब, जेवण झालं का?" असं मराठीत विचारून मोकळे झाले. गाव अंतागढच्या बाजूला, आत. राहतात मात्र कांकेरमध्ये, दोन खोल्यांच्या घरात. कागदाचं काम दहा मिनिटांत झालं. मग म्हणाले, "घरी चला साहब. काकी वाट बघते."

घरी गेलो. काकींनी तांब्याभर पाणी आणि पितळेच्या वाटीत चार आणून ठेवले. गप्पांतून कळलं ते असं. मुलगा जिल्हा राखीव गार्डमध्ये, म्हणजे डीआरजीत आहे. स्थानिक मुलांचं हे पोलिस दल २००८ मध्ये पहिल्यांदा याच कांकेर आणि नारायणपूर भागात उभं राहिलं. जंगल, बोली आणि वाटा माहीत असलेली मुलं, त्यामुळे ती उपयोगी, आणि त्यामुळेच त्यांची घरं धोक्यात. मुलगा भरती झाला त्या वर्षी गावातून निरोप आला आणि म्हातारा-म्हातारी एका रात्रीत कपड्यांची दोन गाठोडी घेऊन कांकेरला आली. सुभेदारसाहेब चोवीस वर्षं नोकरी करून, सियाचीनच्या पायथ्यापासून त्रिपुरापर्यंत फिरून निवृत्त होऊन गावी स्थिरावले होते. आणि घर सोडावं लागलं ते त्यानंतर.

"घराचं काही नाही साहब," ते म्हणाले, "माती आहे, पुन्हा बांधू. हिचं मात्र मोहाच्या झाडांवर अडलं."

काकींच्या वाटणीची सात झाडं. त्यांच्या सासूकडून आलेली. प्रत्येक झाडाला नाव आहे. एक 'वाकडं', एक 'नाल्यावरचं', एकाखाली सुभेदारसाहेबांचा मोठा भाऊ लहानपणी साप चावून गेला, त्याचं नाव त्या घेत नाहीत. दर एप्रिलला काकी कांकेरच्या बाजारात वाळलेला मोह विकत घ्यायच्या, देवाला आणि सणाला लागतो म्हणून. "पैसे देऊन मोह!" एवढंच म्हणाल्या. आपल्याकडच्या शेतकरणीला कढीपत्ता विकत घ्यावा लागला तर तिच्या आवाजात जे येईल ते त्या आवाजात होतं.

त्या एप्रिलला त्या पहिल्यांदा परत गेल्या होत्या. रस्ता झालाय, कॅम्प बसलाय, अंतागढपर्यंत तर २०२२ पासून रेल्वे येते. चुलत जावेकडे आठ दिवस राहिल्या, पहाटे उठल्या आणि मोह वेचला. अर्धं पोतं वाळवून आणलं होतं. ते दाखवायलाच खरं तर मला घरी बोलावलं होतं. पोत्यात हात घालून मूठभर माझ्या ओंजळीत घातला. "विकत घेतलेला नाही, हे लक्षात ठेवा."

मी विचारलं, "साती झाडांचा?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. सुभेदारसाहेब म्हणाले, "चार झाडांचा. तीन नाल्यापलीकडे आहेत. पोरगा जाऊ देत नाही."

कारण मला समजलं, खुलासा करावा लागला नाही. जंगलात पेरलेले सुरुंग, पायाचा दाब पडला की फुटणारे, कुणी काढून नेलेले नाहीत. पेरणारे मेले, शरण आले किंवा निघून गेले, तरी पाचोळ्याखाली ते तसेच आहेत. बस्तरमध्ये मोह आणि तेंदूपत्ता गोळा करताना त्यावर पाय पडून गावकरी जायबंदी झाले आहेत, मेलेही आहेत. मुलाचं कामच ते शोधण्याचं. त्यानं आईला सांगून ठेवलंय : वाटेवरची चार झाडं तुझी, नाल्यापलीकडे माझी माणसं फिरून येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. आईनं ऐकलं. पण रोज पहाटे नाल्याच्या अलीकडे उभं राहून पलीकडे गळलेली फुलं बघायची, एवढं ती करत होती.

मी वीस-बावीस वर्षं गणवेशात आहे. सीमेवर शांतता आहे की नाही, हे सांगायची आमची मापं ठरलेली असतात : किती घटना, किती घुसखोरी, किती दिवस गोळी नाही. बस्तरसाठीही तशी मापं रोज छापून येतात. किती मारले, किती शरण आले, किती जिल्हे उरले. ती मापं खोटी नाहीत, कुणीतरी जीव देऊन ती मिळवलेली आहेत. पण त्या घरात बसून मला वाटलं, काकींचं माप जास्त नेमकं आहे. सातापैकी चार.

एप्रिल संपताना, ३० तारखेला, अक्षय्य तृतीया होती. इथे तिला 'अक्ती' म्हणतात. मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचं, पुतरा-पुतरीचं लग्न लावतात, शेतकरी नव्या वर्षाचं बी पूजतात. आमच्या खानदेशात त्या दिवशी आखाजी, माहेरी आलेल्या लेकींचे झोके आणि पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर. रायपूरच्या बाजारात मातीच्या बाहुल्यांच्या जोड्या बघून घरी फोन केला तर आई घागरीवर खरबूज ठेवत होती.

अक्तीनंतर जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. सरकारचा भाव बोऱ्याला ५,५०० रुपये, म्हणजे पानाला अकरा पैसे. दहा-पंधरा दिवसांचं काम, पण शाळेच्या वह्या, बियाणं, छपराचे पत्रे यांचा पैसा त्यातूनच उभा राहतो. संध्याकाळी फडावर बायका मांडी घालून गड्ड्या मोजतात, तेव्हा एक पानही इकडचं तिकडे होत नाही.

त्याच दिवसांत, २१ एप्रिल ते ११ मे, तेलंगणाच्या सीमेवर कर्रेगुट्टाच्या डोंगरांवर जवान एकवीस दिवस होते. तापमान पंचेचाळीसच्या वर. कितीतरी जणांना पाणी कमी पडून त्रास झाला. ३१ माओवादी मारले गेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हा सगळ्यांचं लक्ष पश्चिम सीमेकडे होतं, रात्री फोन उशाशी घेऊन झोपत होतो. मग २१ मे ला अबूझमाडमध्ये बसवराजू हा त्यांचा सरचिटणीस मारला गेल्याची बातमी आली. सुभेदारसाहेबांचा मुलगा त्या महिन्यात कुठे होता, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सैनिकाच्या घरात हा शिष्टाचार असतो.

२५ मे च्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला. आपल्याकडे रोहिणीचा पाऊस येतो का बघतात, इथे त्या नऊ दिवसांना 'नौतपा' म्हणतात आणि हे नऊ दिवस चांगले तापले तर पाऊस चांगला होतो असं मानतात. त्यामुळे रायपूरचा माणूस नौतपात घामाघूम होऊनही (आपल्या अर्थानं) तक्रार करत नाही, उलट एखादं ढग आलं तर चिंता करतो.

नौतपातच सुभेदारसाहेब डोळे तपासायला रायपूरच्या माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये आले. काम झाल्यावर माझ्या ऑफिसात डोकावले. मोतीबिंदू आहे, पावसाळ्यानंतर ऑपरेशन करू म्हणाले. माठातलं दोन ग्लास पाणी प्यायले. पिशवीतून काकींनी दिलेली पुरचुंडी काढली, त्यात भाजलेल्या मोहाचे आणि तिळाचे लाडू.

"गावी जाणार का आता?" मी विचारलं.

"पावसाच्या आधी छप्पर बघून येतो. भिंती पडल्यात, पण जोतं चांगलं आहे." मग उठता उठता म्हणाले, "पोरगा आला होता दोन दिवस. नाल्यापलीकडचं एक झाड मोकळं केलं त्यांच्या पथकानं. 'वाकडं'. आता पाच झाली, साहब. दोन उरली."

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. बाहेर झांझ सुरू झाली होती. त्यांनी गमछा डोक्याला गुंडाळला, सदऱ्याचा खिसा चाचपला, त्यात कांदा असल्याची खात्री केली आणि बसस्टँडच्या रिक्षात बसले.